अर्धा पत्ता : तापाच्या गोळ्या आणि आमचं मेडिकल

टिपागड (धागाकर्ता)

मागच्या बाजाराच्या दिवशीची गोष्ट. दुपारी एक काकाजी दुकानात आले. खांद्यावर दुपट्टा, पिंढऱ्यांवर रोवणीचा चिखल वाळून पांढरा झालेला. काउंटरवर वीसची नोट ठेवली अन् म्हणाले, "चार कडू गोळ्या दे न जी. पोराले हिव भरते."

पोरगा कुठाय? बांधीत. वय काय? "मोठा हाये, लगन झालं त्याचं." रक्त तपासलं का? "रोवणीत कोन जाते तपासाले."

कडू गोळी म्हणजे मलेरियावरची क्लोरोक्विन. मी दहाचा पत्ता काढून दाखवला. म्हटलं, काकाजी, द्यायचीच तर पूर्ण द्यायची असते, आज चार, उद्या चार, परवा दोन. ते हसले. "दहा कायले? चारातच उतरते." मी कात्री घेतली आणि चार कापून दिल्या. हो, दिल्या. खोटं कशाला बोलू.

कात्रीबद्दल सांगतो, कारण काउंटरच्या अलीकडे उभं राहणाऱ्याला हे दिसत नाही. पत्त्याच्या ज्या टोकाला बॅच नंबर आणि एक्स्पायरी छापलेली असते, ते टोक दुकानदार स्वतःकडे ठेवतो, कापतो तो दुसऱ्या बाजूने. उरलेला माल विकता यावा म्हणून ते बरोबरच आहे. पण गिऱ्हाइकाच्या हातात जातात ते चंदेरी कागदाचे चार चौकोन, त्यांच्यावर धड नावही नाही. उद्या तोच पोरगा बेशुद्ध होऊन दवाखान्यात पोचला आणि डॉक्टरांनी विचारलं काय खाल्लं, तर घरचे सांगणार, "कडू गोळी."

आता हा चारचा आकडा. तो काकाजींच्या मनचा नाही, सरकारनेच शिकवलेला आहे. पूर्वी ताप दिसला की आरोग्य सेवक रक्ताची पट्टी घ्यायचा आणि निकालाची वाट न बघता तिथेच मोठ्या माणसाला चार गोळ्या गिळायला लावायचा. त्याला गृहीतोपचार म्हणत. पट्टी पॉझिटिव्ह आली तर पुढचा समूळ उपचार. धोरण बदललं, आता आधी तपासणी आणि मग औषध, पण लोकांच्या तोंडी 'चार' राहिले. पट्टीचं मात्र कुणाला आठवत नाही.

आमचं दुकान वडिलांनी १९९४ मध्ये टाकलं, मी डी.फार्म. करून २०११ पासून बसतो. धानोरा तालुका, छत्तीसगडची हद्द जवळ. डोस मला पाठ आहेत. आजूबाजूच्या दोन-तीन मेडिकलवाल्यांनाही थोडेफार माहीत आहेत. तरी आम्ही सगळे चारच कापतो. मी नाही दिल्या तर ते चौकातल्या किराण्यातून पुडी घेतील, ज्यात काय आहे ते किराणावाल्यालाही माहीत नसतं.

मेडिकल चालवणारे, आरोग्य खात्यातले, डॉक्टर कुणी असतील तर लिहा, तुमच्याकडे काय चालतं. 'डॉक्टरकडे पाठवा' एवढंच लिहायचं असेल तर तेही लिहा, पण कशाने पाठवू तेही सोबत लिहा. एसटी सकाळी जाते.

खडूस_काकू

धागा प्रामाणिक आहे म्हणून कडक लिहिते. तुम्ही परवानाधारक औषध विक्रेते आहात, तापाच्या माणसाला न बघता औषध देता, तेही अर्धं. आमच्या पुण्यात चिठ्ठीशिवाय साधं अँटिबायोटिक मागितलं तर दुकानदार नाही म्हणतो. तुम्हाला 'नाही' म्हणायला काय होतं?

वऱ्हाडी_ठेचा

काकू, पुण्यात नाही म्हनतो? कोनत्या पेठेत? पत्ता द्या, दर्शनाले येतो. 😀

खडूस_काकू

बरं, आमच्या कोपऱ्यावरचा म्हणतो. मुद्दा तोच आहे.

टिपागड

काकू, रागावलो नाही. 'नाही' म्हणून पाहिलंय. एक बाई तशीच परत गेली, तिसऱ्या दिवशी तिचा दीर आला, बाईला गावातल्या 'डॉक्टर'ने दोन सलाईन लावल्या होत्या आणि नऊशे रुपये घेतले होते. तो डॉक्टर कुठे शिकला ते विचारू नका. आमच्या नकाराने ताप दवाखान्यात जातोच असं नाही, बहुतेकदा तो दुसऱ्या दारात जातो.

काचपट्टी

मी या विषयातला जुना गडी. आरोग्य खात्यात ३४ वर्षं काढली, बहुतेक गडचिरोली जिल्ह्यात. आयडी त्यावरूनच घेतला. टिपागड यांनी चारचा इतिहास बरोबर सांगितला, त्यात थोडी भर घालतो.

दर पंधरा दिवसांनी गावफेरी असायची. घरात शिरलं की पहिला प्रश्न, कोणाला ताप? एकाच काचेवर एक जाड लेप, एक पातळ. काचा खोक्यात रचून प्रयोगशाळेत पाठवायच्या. निकाल यायला आठवडा, पावसाळ्यात दोनही लागत. तोपर्यंत माणूस चार गोळ्यांनी उठून बांधीत गेलेला. मग आम्ही पॉझिटिव्हची यादी घेऊन त्याला शोधत फिरायचो, "समूळ उपचार घे बाबा." तो म्हणायचा, "मी तं बरा हाये." म्हणजे चारात बरं होतं हे आम्हीच त्याला दर वर्षी दाखवून दिलं.

दुसरी गोष्ट. प्रायमाक्विन, म्हणजे समूळ उपचारातली दुसरी गोळी, आमच्या सुरुवातीच्या काळात पाच दिवस द्यायचो. पुढे चौदा दिवस झाले. ज्या दुकानदाराने ज्या काळात धंदा सुरू केला त्या काळचा आकडा त्याच्या डोक्यात पक्का बसलेला. एकाच रस्त्यावर तीन मेडिकलमध्ये विचारा, चार गोळ्या, पाच दिवस, चौदा दिवस अशी तीन उत्तरं मिळतील. तिघेही खोटं बोलत नाहीत, तिघांचं साल वेगळं आहे.

त्याच्याही आधीचं माझ्या वडिलांकडून ऐकलेलं. ते डीडीटी फवारणीच्या पथकात होते. भिंतीवर फवारून झालं की गेरूने दारावर तारीख टाकायची. पथक गावाबाहेर गेलं की बाया सणासाठी भिंती पांढऱ्या मातीने पोतारून घ्यायच्या, औषध मातीखाली आणि मच्छर मातीवर. १९६५ च्या सुमारास देशात वर्षाला लाखभर रुग्णांपर्यंत मलेरिया खाली आला होता. सगळ्यांना वाटलं संपला. १९७६ मध्ये तो ६४ लाखांवर गेला. म्हणून 'संपत आला' हे शब्द ऐकले की माझ्या अंगावर काटा येतो.

डॉ_वैनगंगा

दोन मलेरिया वेगळे आहेत हे इथे कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. सगळा घोळ तिथेच आहे.

व्हायव्हॅक्सला क्लोरोक्विन चालतं. मोठ्या माणसाला तीन दिवसांत दहा गोळ्या, टिपागड यांनी सांगितल्या तशा. पण त्याचे परजीवी यकृतात झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी पुन्हा उठतात. त्यासाठी १४ दिवस प्रायमाक्विन. नुसत्या क्लोरोक्विनवर बरा झालेला माणूस होळीला पुन्हा कुडकुडतो आणि म्हणतो, नवीन मच्छर चावला.

फाल्सिपेरम म्हणजे लोक ज्याला मेंदूचा मलेरिया म्हणतात तो होऊ शकणारा. त्याला क्लोरोक्विन भारतात दिलंच जात नाही. आपल्याकडे क्लोरोक्विनला दाद न देणारा फाल्सिपेरम पहिल्यांदा १९७३ मध्ये आसामात सापडला आणि नंतर पसरला. आता त्याला आर्टेमिसिनिनची जोडऔषधं. गडचिरोलीत फाल्सिपेरम भरपूर आहे. म्हणजे काकाजींच्या मुलाला तो असेल, तर त्या चार गोळ्यांनी ताप थोडा हलल्यासारखा वाटेल आणि दोन दिवस जातील. मी जे रुग्ण बेशुद्ध अवस्थेत पाहिले, त्यांच्या घरच्यांकडून हेच दोन दिवस ऐकले. "मेडिकलातून गोळी आणली होती." टिपागड, तुम्हाला टोचायला लिहीत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बाहेरून दोन्ही ताप सारखेच दिसतात. मलाही दिसण्यावरून ओळखता येत नाही.

टिपागड

टोचलं. असू द्या.

मग माझा सरळ प्रश्न. प्रायमाक्विन मी ठेवू का? दोनदा मागवली. कुणी मागतच नाही. पहिल्या वेळची कपाटातच एक्स्पायर झाली, दुसऱ्या वेळची स्टॉकिस्टला परत केली. चौदा दिवसांची गोळी मागणारा एक माणूस मला तेरा वर्षांत भेटला, तो सीआरपीएफचा जवान होता आणि त्याच्या हातात चिठ्ठी होती.

डॉ_वैनगंगा

चिठ्ठीवर द्यायला ठेवा. स्वतःच्या मनाने देऊ नका. काही लोकांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एक विकर कमी असतं, आणि आपल्या आदिवासी समाजांमध्ये हे प्रमाण जास्त आढळतं. अशा माणसाला प्रायमाक्विन दिलं तर तांबड्या पेशी फुटतात. लघवी कोऱ्या चहासारखी होते, डोळे पिवळे, दम लागतो. त्यात आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आजारही आहे, मग कावीळ नेमकी कशाची हे कळेपर्यंत धांदल उडते. गरोदर बाईला आणि वर्षाच्या आतल्या बाळाला प्रायमाक्विन अजिबात नाही. गावातली आशा कार्यकर्ती देते तेव्हा निदान लघवीचा रंग बघायला सांगते, आणि काही झालं तर तिला घर माहीत असतं. तुमच्या काउंटरवरून गेलेला माणूस पुढच्या बाजारालाच दिसणार.

मोहफूल

मी आशा आहे, फोनवर टाइप करते, चुका समजून घ्या. मेडिकलवाले दादा लिहितात ते वाचून हसू पण आलं. आमच्या गावात किट माझ्याकडे असते. बोट टोचायचं, एक थेंब घ्यायचा, द्रावण टाकायचं, वीस मिनिटं थांबायचं. रेघ बघायची. फुकट आहे. तरी लोक मेडिकलला जातात. कारण सांगू? माझ्याकडे आलं की नाव लिहिलं जाते. नाव लिहिलं की दुसऱ्या दिवशी मी घरी जाते, तिसऱ्या दिवशी जाते. शेतात गेला तर बांधीवर जाते. म्हणतात, "बाई, तू तं पाठच सोडत नाही." मेडिकलवाला पाठ धरत नाही. हा त्याचा फायदा आहे.

दुसरं म्हणजे कधी कधी किट संपते. मोठ्या पावसात संपली तर नवीन यायला वेळ लागतो. मग मीच म्हणते, जा बाबा दवाखान्यात. तो मेडिकलात जातो.

मी लागले तेव्हा एका तपासणीमागे १५ रुपये होते. हे कुणी विचारलं नाही तरी लिहिलं.

काचपट्टी

मोहफूल ताई, नमस्कार. तुमच्यासारख्यांमुळे आमची खोकी हलकी झाली.

पाकिटांचंही लिहा की. रंग लोकांना पाठ असतात. फाल्सिपेरमचं सरकारी पाकीट वयाप्रमाणे, वर्षाच्या आतल्याला गुलाबी, मग पिवळं, हिरवं, लाल, आणि पंधराच्या पुढे पांढरं.

मोहफूल

हो सर. पांढऱ्यात पहिल्या दिवशी तीन गोळ्या असतात, मग एक, मग एक. दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विन वेगळी. पहिल्या दिवशीच्या तीन माझ्यासमोर खातात. दुसऱ्या दिवशी ताप उतरला की उरलेल्या सांभाळून ठेवतात, पुढच्या तापाला. एका घरी आढ्याला खोचलेलं पाकीट सापडलं, दोन गोळ्या शिल्लक. बाई म्हणाली, "लेकीच्या घरी नेतो, तिले बी ताप येते." लेकीचं घर छत्तीसगडात.

निवृत्त_एमआर

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं. औषध कंपनीचा प्रतिनिधी (एमआर) होतो, कंपनीचं नाव घेणार नाही, सोडून बारा वर्षं झाली. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर माझ्या बॅगेत होते.

लोक म्हणतात विक्रेत्यांना ज्ञान नाही. अहो, त्यांना ज्ञान देणारा मीच होतो! गावातल्या मेडिकलवाल्याकडे सरकारी माणूस मलेरियाचं धोरण सांगायला आलेला मी कधी पाहिला नाही. मी महिन्यातून एकदा जायचो, चहा प्यायचो, चकचकीत कागद दाखवायचो आणि स्कीम सांगायचो, दहावर एक फ्री, पंचवीसवर तीन. ज्या औषधावर स्कीम ते त्या पावसाळ्यात 'चांगलं'. हा कबुलीजबाब समजा.

तीन गोष्टी धडाधड विकल्या जायच्या. एक, सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन, कारण 'एकदाच घ्यायची'. मजुराला एकदाच हा शब्द फार आवडतो. एकटी वापरायची गोळीच नाही ती आता, पण तेव्हा फार चालली. दोन, नुसत्या आर्टेसुनेटच्या गोळ्या, तेही आर्टेमिसिनिनच्याच घराण्यातलं. ताप असा उतरायचा की देणाऱ्याला देव मानत. २००९ मध्ये तोंडाने घ्यायच्या एकट्या आर्टेमिसिनिन गोळ्यांवर बंदी आली, कारण परजीवी त्यालाही सरावले तर हातात काही उरणार नव्हतं. बंदीनंतरही जुना माल काही खोक्यांतून दिसत राहिला. तीन, आर्टिथरचं इंजेक्शन. तीन दिवस तीन सुया. आपल्याकडे सुईशिवाय ताप जातो असं कुणाला वाटत नाही. पेशंट एक सुई घ्यायचा, उठून बसायचा, उरलेल्या दोन अँप्यूल बोगस डॉक्टर पुढच्या पेशंटला वापरायचा. हिशेबात बरोबर, तीन पेशंट, तीन सुया.

खडूस_काकू

देवा.

डॉ_वैनगंगा

आणि सोबत 'टायफाईड-मलेरिया मिक्स'. खाजगी लॅबचा कागद घेऊन येतात, विडाल (टायफाईडची तपासणी) पॉझिटिव्ह, मलेरिया पॉझिटिव्ह. आमच्या भागात निम्म्या लोकांना आयुष्यात एकदा तरी हा मिक्स झालेला आहे. विडालवर इतका भरवसा ठेवण्यासारखी ती तपासणी नाही, पण दोन आजारांची दोन बिलं होतात.

मोहफूल ताई, एक सांगून ठेवते. फाल्सिपेरमची किट पूर्ण उपचारानंतरही काही आठवडे पॉझिटिव्ह दाखवू शकते. परजीवी मेले तरी त्यांचं प्रथिन रक्तात राहतं. महिन्याभरात परत ताप आला आणि रेघ दिसली तर काचपट्टी करून घ्या. (इथल्या काचपट्टी साहेबांना नव्हे.)

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या अकोल्याकडे मलेरिया कमी, डेंग्यूची बोंब जास्त. मेडिकलात जा, ताप म्हना, तो डायक्लोफेनॅकची गोळी देते. माझ्या मावसभावाले डेंग्यूत तेच देल्लं होतं, नाकातून रक्त सुरू झालं. डॉक्टर म्हने डेंग्यूचा संशय असला की फक्त पॅरासिटामॉल. मेडिकलवाल्याले मलेरियाचा डोस पाठ असो का नसो, निदान हे तरी पाठ पाहिजे न बाप्पा.

दार_ए_सलाम

मी टांझानियात नोकरीला आहे, मूळ वर्ध्याचा. इथे खेड्यात औषधाची छोटी दुकानं असतात, फार्मासिस्ट नसतो. २००३ मध्ये रुवुमा प्रांतापासून त्यांनी एक योजना सुरू केली. अशा दुकानांना प्रशिक्षण द्यायचं, तपासणी करायची, पाटी द्यायची आणि ठराविक औषधं विकायची परवानगी द्यायची, त्यात मलेरियाचं जोडऔषधही आहे. पाटीवर लिहिलेलं असतं 'दुका ला दावा मुहिमु'. आल्या आल्या वाचलं आणि हसलो. दुका म्हणजे दुकान, दावा म्हणजे दवा. मुहिमु म्हणजे महत्त्वाचं, आपल्या मोहिमेचं मूळ अरबी घराणं तेच.

सगळं आलबेल आहे असं नाही, इथेही लोक अर्धा डोस मागतात. पण दुकानदाराला शत्रू न समजता वर्गात बसवलं हे मला आवडलं. आपल्याकडे तर तो डी.फार्म. शिकलेला आहे.

लिंबू_टिंबू

अवांतर : आर्टेमिसिनिन ज्या झाडातून निघतं ते दवण्याच्या कुळातलं ना? मग ज्योतिबाला दवणा वाहतात तो घरी लावला तर?

डॉ_वैनगंगा

कुळ तेच, आर्टेमिसिया. पण जात वेगळी. दवणा वास घ्यायला ठेवा, तापाला नको. ज्या जातीतून औषध निघालं त्या कामासाठी चीनच्या तू यूयू यांना २०१५ चं नोबेल मिळालं. काढा करून प्यायचे व्हॉट्सॲप मेसेज येतात, तेही नको. त्यात औषध किती उतरलं हे मोजता येत नाही, म्हणजे पुन्हा अर्धाच डोस.

पोळा_पाडवा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नागपुरात मारबत, म्हणजे इडा-पिडेच्या पुतळ्याची मिरवणूक, निघते. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत." तिच्यासोबत या सगळ्या स्कीमा पण पाठवा. वाचतेय, छान धागा.

टिपागड

सगळ्यांना उत्तर देतो, एकेकाला जमणार नाही, दुकानात गर्दी आहे.

एमआर साहेब, तुमचा कबुलीजबाब वाचून मी वडिलांना फोन लावला. ते म्हणाले, खरं आहे, मलेरियाचं जे काही शिकलो ते बॅगवाल्यांकडून आणि एका जुन्या सरकारी डॉक्टरकडून, जो उधारीवर शॅम्पू न्यायचा.

२०२० च्या मार्चमधली एक आठवण. तोवर कडू गोळीला शहरात कुणी विचारत नव्हतं. मग कोरोना आला आणि नागपूर, मुंबईचे नातेवाईक, नातेवाइकांचे मित्र, कुणाचे साहेब, सगळे मला फोन करायला लागले, "तुझ्याकडे क्लोरोक्विन असेल ना, हायड्रॉक्सीवालं असेल तर उत्तमच." महिनाअखेर हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवर कडक नियम लागला. ज्या गोळीसाठी आमचे लोक वीस रुपये मोजताना विचार करतात तिच्यासाठी एक जण गाडी पाठवायला तयार होता. वडील म्हणाले, यांना हिव भरत नाही, भीती भरते.

डॉक्टर मॅडम, आर्टिमेथर-लुमेफँट्रिन हे जोडऔषध मी चिठ्ठीवर देतो. पहिल्या दिवशी आठ तासांनी दुसरा डोस, मग सकाळ-संध्याकाळ, एकूण सहा डोस. पाकिटावर सूर्य-चंद्र काढून देतो. पण ते तेला-तुपाच्या जेवणासोबत घ्या असं सांगितलं की लोक माझ्याकडे बघतच राहतात. आपल्याकडे तापात पेज. तापाच्या माणसाला तेलकट देणारी सून अजून जन्माला यायची आहे. यावर काही उपाय?

डॉ_वैनगंगा

पेजेत चमचाभर तेल किंवा तूप. नाहीतर गोळीसोबत कपभर दूध. तेवढं पुरतं. सासूला आधी सांगा, सुनेला नाही.

मोहफूल

दादा तुमचं दुकान कुठं आहे ते विचारत नाही. पण तुमच्या गावात पण एक आशा असेल ना. तिचा नंबर काउंटरवर लावा. कात्रीच्या बाजूला.

टिपागड

नऊ दिवसांनी परत लिहितोय.

मोहफूल ताई, नंबर लावला. आमची आशा माझ्या वर्गातली निघाली, सहावीपर्यंत. ती म्हणाली, "एवढे वर्षं तू गोळ्या विकून रायला, एकदा फोन केला असता तं?" आता ठरलंय असं की ताप म्हटलं की आधी मी तिला फोन लावतो, ती आली तर दुकानाच्या मागच्या ओसरीवर किट करते. मी बोट टोचत नाही, ते माझं काम नाही. आतापर्यंत अकरा जणांना थांबा म्हटलं. चार थांबले. त्यातले दोन पॉझिटिव्ह, एक फाल्सिपेरम. सात जण निघून गेले, त्यातल्या तिघांना मी समोरच्या मेडिकलमध्ये शिरताना पाहिलं. तिथे कात्री आहेच.

आणि ते काकाजी आले होते. काल, बाजाराचाच दिवस. माझा जीव भांड्यात पडला, कारण पहिलं वाक्य होतं, "पोरगा बरा हाये." मग खिशातून तंबाखूच्या पुडीचा कागद काढला, उलगडला, त्यात चंदेरी चौकोन दोन. "दोनातच उतरला जी. ह्या वापस घे, तीन रुपये दे."

सुट्या गोळ्या परत घ्यायच्या नसतात. तरी घेतल्या, आढ्यात जाण्यापेक्षा बऱ्या. त्या दिवशीचा सहा गोळ्यांचा उरलेला पत्ता ड्रॉवरमध्येच होता, काढून कडेला लावून पाहिला. कात्री जरा तिरपी गेली होती, बरोबर जुळला.

तीन रुपये दिले नाहीत. म्हटलं, पोराला घेऊन या, रक्त फुकट तपासतात, तेव्हा देतो. ते म्हणाले, तो रोवणी आटोपून बांबू तोडायला जाणार, पंधरा दिवस जंगलात. मी आशाला तिथूनच फोन लावला. ती म्हणाली, कोणत्या गावचा ते विचार, आज संध्याकाळी जाते.

मोहफूल

गेली का?

टिपागड

गेली. घराला कुलूप होतं. उद्या पहाटे पुन्हा जाते म्हणाली.